दोन जास्तीची पानं

मधोमध पिन मारायची पुस्तिका म्हणजे पानं चारच्या पटीत हवीत. एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोघींच्या आमच्या नव्या कॉमिकची गोष्ट सव्वीस पानांत संपली. चित्रकर्ती म्हणाली, ‘‘दोन कापते.’’ मी म्हटलं, ‘‘नको, दोन वाढव. त्या दोघी लोकलमध्ये नुसत्या शेजारी बसलेल्या दाखव.’’ अशा प्रेमाला निवांत बसायला आपल्या चित्रांत जागा मिळते कुठे?

असं प्रेम छापणारे आधीही झाले. मेरी विंग्ज यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत ‘कम आउट कॉमिक्स’ स्वतःच काढलं. मुंबईत अशोक राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं. अमृता पाटील यांची ‘कारी’ ही चित्रकादंबरी २००८ ची. पण ती इंग्रजीत. मला हे सगळं मराठीत हवंय.

एका छापखान्यानं ‘मजकूर बघावा लागेल’ म्हणून तोंड फिरवलं. दुसऱ्यानं फक्त कागदाचा जीएसएम (वजन) विचारला; काम त्यालाच दिलं.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. दुकानात मात्र आमच्या प्रती अजून मागच्या फळीवरच असतात. तेव्हा वाचकहो, काउंटरवर जाऊन पुस्तक नाव घेऊन मागा. मागणी झाली, की विक्रेता ते आपणहून पुढे मांडतो.