काकूंच्या दारामागची फळी

डोंबिवली पूर्व, फडके रोडच्या मागची गल्ली. दोन मजली चाळ, बारा बिऱ्हाडं, पुढे सलग गॅलरी, मागे विहीर आणि एक शेवगा. माझा जन्म १९७० चा. अठराव्या वर्षापर्यंत माझं जग एवढंच होतं आणि ते मला कधी अपुरं वाटलं नाही.

•

तळमजल्यावरच्या काकूंच्या दारामागे एक फळी होती. फळीला खिळे, खिळ्यांना किल्ल्या. चाळीतल्या सात जणी नोकरीला जायच्या आणि सातही घरांच्या किल्ल्या तिथे असायच्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला काही ना काही बांधलेलं. आमच्या किल्लीला परकराची लाल नाडी, वरच्या खोलीच्या किल्लीला शर्टाचं बटण, एकीला तुटक्या कंगव्याचा तुकडा. शाळेतून आलं की काकूंपुढे हात पसरायचा. लगेच किल्ली मिळत नसे. "आधी डबा उघडून दाखव." डब्यात पोळी उरलेली दिसली की ती त्यांच्यासमोर बसून संपवायची, मग किल्ली. आईने त्यांना हा अधिकार कधी दिला, मला ठाऊक नाही. तो त्यांचाच आहे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

•

आई फोर्टात बँकेत. परतीच्या गाडीत चौथी सीट मिळाली तर भाजी बसून निवडायची, नाहीतर उभ्याने. मेथी, गवार, मटार. घरी पिशवीतून निवडलेली भाजीच निघायची. लेडीज डब्यातल्या तिच्या मैत्रिणींना मी नावाने ओळखत नव्हतो, पण अमकीने लसूण सोलून दिला, तमकीने शेंगा मोडून दिल्या, हे रोज ऐकत होतो. तो डबा म्हणजे आमच्याच चाळीची आणखी एक खोली होती.

•

संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की गल्लीच्या तोंडाशी माणसांची लाट यायची. एक गाडी, एक लाट. मध्ये गल्ली रिकामी, मग पुन्हा लाट. दिवे लागल्यानंतरची दुसरी लाट माझ्या आईची. पहिली लाट दिसली की काकू वर हाक मारायच्या, "कुकर लाव रे!" तांदूळ धुऊन कुकर लावणं मी आठव्या वर्षी त्यांच्याकडूनच शिकलो. पाण्यात बोट बुडवून पेर मोजायचं, हेही. अजून मी तसंच मोजतो.

•

११ जुलै १९७९. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पडायची होती. कुठे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आईने रजा टाकली होती. काकूंनी पुरण घातलं आणि बाराही घरांना जेवायला बोलावलं. पडायचीच असेल तर सगळे एकत्र असू, एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही मुलं त्या दिवशी जरासुद्धा घाबरलो नाही. पुरणपोळी, वर तूप आणि आजूबाजूला आपली सगळी माणसं. मग कळलं की ती हिंदी महासागरावर फुटली आणि तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांनी नकाशा उघडून आम्हाला ऑस्ट्रेलिया दाखवला. भूगोलातला तो देश माझ्या मनात अजून पुरणाच्या वासासकट आहे.

•

खेळ: लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, जोडसाखळी. पावसाळ्यात कुणाच्या तरी खोलीत व्यापार. लहानग्याला खेळायचं असलं की तो 'कच्चा लिंबू', म्हणजे त्याच्यावर राज्य नाही. कुणालाही घरी पाठवायचं नाही म्हणून मुलांनी स्वतः केलेला हा नियम मला फार सुंदर वाटतो.

•

दिवाळीचा किल्ला विहिरीजवळ. विटा-दगड रचायचे, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा चिखल. वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस अळीव आणि मोहरी पेरायची, म्हणजे दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, नाहीतर बी वाहून पायथ्याशी गोळा होतं. महाराज वर सिंहासनावर, मावळे वाटेवर. गेल्या वर्षीचा हात तुटलेला मावळा फेकायचा नाही, त्याला दरवाजाशी उभा करायचा. हा मान त्याचाच, यावर आमच्यात कधी वाद झाला नाही.

•

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या शेजारच्या खोलीतले काका परळच्या गिरणीत होते. संपाचे नेते दत्ता सामंत यांचं नाव तेव्हा घराघरात होतं. सुरुवातीला काका रोज सभेला जात. पावसाळा आला तरी पगार नव्हता आणि काका गॅलरीत बसून राहू लागले. त्या घरातला मुलगा माझा जिवलग मित्र.

एका रात्री काकूंच्या खोलीत नोकरीवाल्या सातही जणी बसल्या. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकी पोळ्या लाटून द्यायला लागल्या. सात घरं, सकाळी डब्याच्या आणि रात्रीच्या. पहाटे चारला त्यांच्या पोळपाटाचा आवाज भिंतीतून यायचा. आईने मला बजावलं होतं, "मदत हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आपण पोळ्या विकत घेतो." त्या पोळ्या आईच्या पोळ्यांपेक्षा मऊ असत आणि आई ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायची. काकांना गिरणीत परत काम मिळालं नाही. पण त्या घरातली तिन्ही मुलं शिकली.

•

पुस्तकं कुणी नवी घेत नसे. वरच्या वर्गातल्याकडून खालच्याकडे. माझ्या सातवीच्या भूगोलावर आतल्या बाजूला चार नावं होती आणि चौघंही याच गॅलरीतले.

•

२५ जून १९८३. क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. टीव्ही एकाच खोलीत आणि माणसं पार जिन्यापर्यंत. भारत १८३ सर्वबाद, म्हणून अर्धे जण उठून गेले होते. वेस्ट इंडीज १४० वर आटोपल्यावर ते सगळे धावत परत आले. गिरणीवाले काका त्या रात्री कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले.

•

आता ती पावसाची रात्र. मी सहावीत होतो. जुलै. संध्याकाळी गॅलरीत उभा राहिलो आणि लाट आलीच नाही. साडेसात, आठ, नऊ. गल्लीत गुडघाभर पाणी. आजोबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. गाड्या बंद, एवढंच कळत होतं. गॅलरीतली धाकटी मुलं एकेक करून रडायला लागली.

काकूंनी फळीवरच्या सातही किल्ल्या काढल्या. प्रत्येक घर उघडून डब्यातले दोन वाट्या तांदूळ, वाटीभर मूगडाळ घेतली आणि पुन्हा कुलूप लावलं. कुणाकडे कुठला डबा कुठल्या फळीवर, हे त्यांना अंधारातही कळत होतं. मोठ्या पातेल्यात खिचडी झाली. मग त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंज्या आणि आम्ही अकरा मुलं ओळीने. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी उशाखाली घेतला. दिवा मालवला नाही.

रात्री दोनच्या सुमाराला गल्लीतून बायकांचे आवाज आले. गाडी दिवा स्टेशनच्या पुढे रुळांवरच थांबली होती आणि त्या तिथून रुळांमधून चालत आल्या होत्या, एकमेकींचे हात धरून, साड्या खोचून, चपला पिशवीत. काकूंनी स्टोव्ह पेटवला. घमेल्यात गरम पाणी, त्यात मूठभर मीठ. एकेकीने त्यात पाय बुडवायचे. खडीने सोललेल्या आईच्या टाचा मी तेव्हा पाहिल्या.

"जेवला का हा?" आईने विचारलं.

"सगळी जेवलीत. तुझ्या डब्यातले दोन वाट्या तांदूळ घेतलेत, बरं का."

काकूंनी उशाखालून लाल नाडीची किल्ली काढून पुढे केली. आईने मान हलवली, खांद्यावरची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या शेजारी सतरंजीवर आडवी झाली. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, निवडलेली मेथी होती. कोरडी.