न रडणारी नटी

स्मिता पाटीलचं नाव निघालं की लोक तिच्या डोळ्यांपाशी थांबतात. गावदेवीच्या जत्रेसाठी कापडे गावात नाटक बसवणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र तिची मुंबई दूरदर्शनवरची नोकरी जास्त मोलाची वाटते. ती बातम्या वाचायची. समोर कॅमेरा, हातात कागद. बातमी पुराची असो वा निवडणुकीची, वाचणाऱ्याने रडायचं नाही, हसायचं नाही, तरी शब्दाचं वजन घरोघरी पोचवायचं. श्याम बेनेगलांनी तिला हेरलं ते तिथेच. हा संयम तिने सिनेमात नेला आणि माझ्या मते तिचं कार्यकर्तेपणही त्यातच आहे. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत ती वाढली, मुंबईच्या विमेन्स सेंटरमध्ये काम करत राहिली. पण 'उंबरठा' सिनेमातल्या तिच्या सुलभा महाजनचं घर सोडणं पाहा. हंबरडा नाही, आळ नाही. तिने रडून घेतलं असतं तर प्रेक्षकाने हळहळून विषय मिटवला असता. ती रडत नाही, म्हणून तिचं बरोबर की चूक हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, 'उंबरठा' आला त्याच १९८२ साली तिने 'नमक हलाल'सारखा धंदेवाईक सिनेमाही केला. केला, आणि तिथे ती मला परकी वाटते. पण एका सिनेमाने बाकीचं काम खोटं ठरत नाही. नाटकवाल्यांचा आक्षेप जास्त खरा आहे: कॅमेऱ्यापुढे हे शोभतं, उघड्या मैदानात शेवटच्या रांगेला काय दिसणार? पण संयम म्हणजे पुटपुटणं नव्हे. 'जैत रे जैत' हा सिनेमा म्हणजे आपल्या रायगडातल्या ठाकर आदिवासींची गोष्ट. त्यातली तिची चिंधी मोकळ्या गळ्याने बोलते, अंगभर नाचते, आणि तरी कुणाकडे कीव मागत नाही. आता आमच्या गावच्या नाटकातली बाई घ्या. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला असतो, मागे बाई शेत, गुरं, म्हातारी माणसं सांभाळते. नाटकात मात्र तिला पदर डोळ्यांना लावूनच उभं करतात. तो पदर आधी खाली घ्यावा. वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत म्हणावं, समोरच्या नटाकडे बघून म्हणावं, आणि टाळ्यांसाठी थांबू नये.