ओकसारखे छत

ऐतिहासिक कादंबरी शिकवताना हरिभाऊ आपटे आले की सर वॉल्टर स्कॉट येतोच. आम्ही उभयता कित्येक वर्षे वर्गात त्याचे नाव घेत आलो. त्याचे घर मात्र आम्हांला खऱ्या अर्थाने कळले ते कळमनुरीतील आमच्या जुन्या माळवदाच्या घराचे काम काढल्यावर.

स्कॉटने १८११ साली ट्वीड नदीकाठी एक शेतघर विकत घेतले आणि पाडत-वाढवत १८२४ पर्यंत त्याचे ‘ॲबट्सफर्ड’ केले. कादंबऱ्यांत मध्ययुग रंगवून त्याचे समाधान होईना. ते त्याने घरातच आणले. प्रवेशदालनात चिलखते, सरदार घराण्यांची मानचिन्हे आणि डनफर्मलिनच्या जुन्या चर्चमधल्या ओकच्या कोरीव फळ्या. ग्रंथालयाच्या छतावर रॉसलिन चॅपेलच्या नक्षीचे अनुकरण. प्लास्टरचे पुष्कळसे काम डेव्हिड रॅम्से हे या रंगकाराने ओकसारखे दिसेल असे रंगवले. या गॉथिक घरात दिवे मात्र गॅसचे! हे सांगताना आम्ही नेहमी किंचित हसत असू.

आमच्या घराच्या तुळयांना वाळवी लागली होती. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरणारी माणसे मिळेनात. ठेकेदार म्हणाला, “सर, तुळया काढू, स्लॅब टाकू, खाली पीओपी करू. मॅडमना आवडेल असा सागवानी रंग देऊ.” आम्ही होकार दिला. ढाळजेतले खांब आणि नक्षीची चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेली. शहरातल्या हॉटेलांना असा माल लागतो, असे तो जाता जाता म्हणाला.

तेव्हा डनफर्मलिनच्या फळ्या आठवल्या. त्याही कुठल्यातरी मोडलेल्या वास्तूतून निघालेल्या. आता आमच्या चौकटीसमोर बसून कोणीतरी वाडा-संस्कृतीचे कौतुक करील. १८२६ मध्ये प्रकाशनव्यवहार बुडाल्यावर लाखाहून अधिक पौंडांचे कर्ज अंगावर आले, तरी लिहून लिहून ते फेडत स्कॉटने ते घर सांभाळले. १८३२ मध्ये तिथेच त्याने देह ठेवला. त्याचे छत खोटे असेल, पण त्याखाली त्याने इतरांच्या आठवणी गोळा केल्या. आम्ही आमच्या स्वतःच्या आठवणी वजनावर विकल्या.

यंदा स्कॉटचा तास आला, तेव्हा आम्हां दोघांपैकी कोणालाच हसू आले नाही.