राजूर घाटाच्या वर

इद्दतीचे ४ महिने १० दिवस पूर्ण झाले आणि अम्मी म्हणाल्या, "बेटा, मला एकदा बुलढाण्याला ने." घरात कुजबुज सुरू झाली. इतक्या लवकर फिरायला? लोक काय म्हणतील? मी एवढेच म्हटले की इद्दतीची मुदत कुरआनने ठरवून दिली आहे. त्यापुढचे दिवस आपण का वाढवायचे?

मलकापूरहून मोताळा मागे पडले की राजूर घाट लागतो. मरहूम अब्बांनी वर्षानुवर्षे याच घाटात एसटी चालवली. अम्मींना घाट ठाऊक होता तो काळजीपुरता. पावसाळ्यात अब्बांना उशीर झाला की त्या मुसल्यावरून उठत नसत. आज त्या माझ्या शेजारी पुढे बसल्या होत्या आणि दर वळणाला म्हणत होत्या, "हळू."

वर पोहोचताच काच खाली केली. बुलढाणा सुमारे २,००० फुटांवर आहे. मलकापूरची ऑक्टोबरची तलखी खालीच राहते. इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे इथे केले, ते उगीच नव्हे!

बसस्थानकात अम्मी बराच वेळ फलाटाकडे बघत उभ्या राहिल्या. मी काही विचारले नाही. मग बाजारात गेलो. या दिवसांत अब्बा इथून सीताफळे आणत. अम्मींनी एकेक फळ दाबून पाहिले, घासाघीस केली, पाटीतली निम्मी नाकारली. बाईने शेवटी दोन फळे वर टाकली.

गाडीत बसताना म्हणाल्या, "लोणार इथून किती लांब आहे गं?"