पहाटे साडेपाचला बदलणारी तारीख

सर्व्हरवर रोज किती भार आला, डिस्क किती भरली, किती जण लॉगिन झाले, याचा वर्षभराचा आलेख कशात काढावा? संपादकांनी यावर ‘सोपं काहीतरी’ मागितलं आहे. विचारणाऱ्याला बहुधा ‘ग्राफाना घ्या’ एवढंच ऐकायचं असतं. ग्राफाना देखणं आहे, काळ्या पडद्यावरच्या रंगीत रेषा पाहून साहेब खूश होतात. पण ते मुळात दाखवण्याचं काम करतं. आकडे राखायचे दुसऱ्या कुणीतरी. ते कुणी आणि कसे राखायचे, हे मात्र कुणीच विचारत नाही.

त्याचं जुनं आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अजूनही सर्वांत नेटकं उत्तर टोबियास ओटिकर यांचं. बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकुलती एक लाइन किती वापरली जाते, हे पाहण्यासाठी १९९४च्या सुमारास त्यांनी एमआरटीजी लिहायला घेतलं. त्यातूनच १९९९मध्ये आरआरडीटूल आलं. त्याची फाइल जन्मतःच ठरलेल्या आकाराची, कधी फुगत नाही. ताजे आकडे बारीक राहतात, जुन्यांची सरासरी होते.

इथेच भांडण आहे.

दुपारी दहा मिनिटं प्रोसेसर शंभर टक्के चालला आणि उरलेला दिवस दहा टक्के, तर दिवसाची सरासरी येते ११च्याही आत. लोकांची तक्रार त्या दहा मिनिटांची, आलेख सपाट! सरासरीबरोबर कमाल आकडाही राखता येतो, पण ते आधीच सांगावं लागतं. सांगतं कोण?

रोज एकच आकडा नोंदवणाऱ्यांची गंमत वेगळी. पायरी, म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर, २४ तासांची ठेवली की आरआरडीटूल ती ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून मोजतं, म्हणजे भारतात तारीख बदलते पहाटे साडेपाचला. रात्री दोनचा बॅकअप कालच्या खात्यात. शिवाय नोंद रोज सकाळी सातला होत असेल, तर काल ४० आणि आज ४३ लॉगिन मोजूनही आलेखात ४२.८ उमटतात, कारण पायरीतले दीड तास कालच्या आकड्याचे आणि साडेबावीस आजच्या. हिशेब तपासणारे यालाच ‘बग’ म्हणतात, आणि दरवेळी समजावून दमायला होतं. सतत बदलणारा वेग मोजायला घडवलेल्या साधनाकडून हजेरीपट लिहून घेतला, तर दुसरं काय होणार?

साउंडक्लाउडमध्ये २०१२साली सुरू झालेलं प्रोमिथियस आकडे जसेच्या तसे ठेवतं. फक्त मुदत बदलली नाही, तर १५ दिवसांनी टाकून देतं. वर्षाचा आलेख हवा असणाऱ्यांना हे तिसऱ्या आठवड्यात कळतं.

दिवसाला एकच आकडा असेल, तर वर्षाच्या होतात ३६५ ओळी. तारीख, स्वल्पविराम, आकडा. साधी मजकूर फाइल, आणि चित्र काढायला १९८६पासूनचं ग्नूप्लॉट. एका ग्राहकाला हेच सुचवलं, तर त्यांनी विचारलं की निविदेत याचा दर काय लावायचा. शेवटी तीच फाइल ग्राफानाला जोडून दिली.