शिरोड्याची शाळा बंद होती

नाताळला जोडून शनिवार-रविवार आला की निम्मे कोल्हापूर घाट उतरून कोकणात जाते. यंदा आम्हीही उतरलो. आम्ही म्हणजे मराठी शिकवून पोट भरणारे नवरा-बायको, बारावीच्या अभ्यासातून तीन दिवसांची सुटका मागणारी मुलगी आणि ऐंशी ओलांडलेले आण्णा. मुलीला तारकर्लीला जायचे होते. आण्णा म्हणाले, "शिरोडा बघूया." आण्णा सहसा काही मागत नाहीत. त्यामुळे वाद झाला नाही. पण त्यांनी शिरोडाच का मागितला हे आम्हां दोघांनाही तत्क्षणी कळले, आणि आम्ही एकमेकांकडे पाहण्याचे टाळले.

त्याला दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक प्रसंग कारण होता. एका चर्चासत्रात आम्ही दोघांनी मिळून लिहिलेला खांडेकरांवरचा निबंध वाचला. कादंबरीतल्या उपमा मोजून त्यांचे तक्ते केले होते. एकेक उपमा वाचून दाखवावी आणि सभागृहात हशा पिकावा, असे पाऊण तास चालले. टाळ्या मिळाल्या. शेवटच्या रांगेत आण्णा बसले होते. निवृत्त शिक्षक, कौतुकाने आलेले. घरी आल्यावर ते काहीच बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यातल्या कपाटातून खांडेकरांची पुस्तके नाहीशी झाली होती. ती त्यांच्या खोलीत, पलंगाशेजारच्या फळीवर गेली होती. त्या विषयावर आमच्या घरात नंतर कधी बोलणे झाले नाही.

आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता आम्ही धरला. खांडेकर १९३८ मध्ये शिरोडा सोडून कोल्हापूरला आले. आम्ही उलट्या दिशेने निघालो होतो. संध्याकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सुरूच्या बनात पर्यटकांच्या गाड्या दाटीने उभ्या होत्या. मुलगी धावत पाण्यात गेली. आण्णांनी वाळूत चपला काढल्या, त्या जोडीने नीट मांडल्या, आणि लाट घोट्यापर्यंत येईल इतकेच पुढे जाऊन ते उभे राहिले. त्यांनी समुद्र आयुष्यात तीन-चारदाच पाहिला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरांकडे गेलो. मे १९३० मध्ये इथेच मिठाचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात मात्र तिथे पांढऱ्या राशी दिसत नाहीत. भरतीचे खारे पाणी वाफ्यात घ्यायचे, उन्हात आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरण्याची वाट पाहायची. त्या कामाला ऊन तापावे लागते. आम्हांला दिसले ते चिखलाचे बांध, उथळ पाणी आणि त्यात उतरलेले बगळे.

तिथून शाळेकडे गेलो. फाटक बंद होते. "शाळा बंद आसा, सुटी पडली," असे समोरच्या दुकानदाराने सांगितले. आम्ही ओशाळलो, मास्तरांच्या घरातल्या माणसांना नाताळची सुटी लक्षात येऊ नये! आण्णांना त्याचे काही वाटले नाही. फाटकाच्या गजांना धरून ते बराच वेळ आत पाहत राहिले. १९२० मध्ये बावीस वर्षांचा एक तरुण इथे शिक्षक म्हणून आला आणि अठरा वर्षे राहिला. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' ही सारी त्याच काळातली. हे सन आम्हांला पाठ आहेत. परीक्षेत टीप म्हणून आम्ही ते विचारतो. पण दिवसभर वर्ग घेऊन, वह्या तपासून, संध्याकाळी कंदिलाशी लिहायला बसणारा माणूस त्या सनांमागे आम्ही कधी पाहिला नव्हता.

"आमच्या घरात पंचांगाशिवाय पुस्तक नव्हतं," आण्णा फाटकाकडे पाहतच म्हणाले. "शाळेच्या पेटीत 'उल्का' मिळाली. तेव्हा मला उपमा मोजता येत नव्हत्या."

आम्ही गप्प राहिलो.

"तुमचं चुकलं होतं असं मी म्हणत नाही. लिहिलंत ते बरोबरच असेल. पण तुम्ही मुलांना हसवलंत."

एवढेच. नंतर त्यांनी चहा मागितला.

दुपारी आरवलीला वेतोबाच्या दर्शनाला गेलो. जयवंत दळवींच्या या गावात देवाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. वेतोबा रात्री गावात फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मुलीने विचारले, "खरंच झिजतात?" तिच्या प्रश्नात चेष्टा नव्हती, कुतूहल होते. आमच्यापैकी एकाच्या जिभेवर लोकदैवतांवरचे व्याख्यान आले होते. ते तिथेच थांबले.

रात्री, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी झाल्यावर, आण्णांनी पिशवीतून 'ययाति' काढली. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मुलगी वाचू लागली. अडखळत, मध्येच शब्दाचा अर्थ विचारत. एका लांबलचक उपमेपाशी तिला हसू आवरेना. आम्ही श्वास रोखला. आणि आण्णाही हसले, अगदी मोकळेपणी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जरा जास्तच झालंय खरं," ते म्हणाले, "वाच पुढं." ती पुढे वाचू लागली.

आमचा निबंध आम्हांला आजही चुकीचा वाटत नाही. ती भाषा अलंकारांनी जड झाली आहे, पुष्कळदा पात्रांऐवजी लेखकच बोलतो, हे आम्ही वर्गात सांगतो आणि सांगत राहू. पण त्या रात्री एक गोष्ट उमगली. मुलगी हसली ती वाचता वाचता, आणि हसून पुन्हा वाचायला लागली. सभागृहातल्या मुलांना आम्ही हसवले ते त्यांनी पुस्तक उघडण्यापूर्वीच. त्यांतल्या किती जणांनी नंतर ते उघडले असेल?

परत आल्यावर कपाटात जागा केली. पुस्तके परत आणून ठेवू का, असे आण्णांना विचारले. "असू देत माझ्याकडंच," ते म्हणाले, "पोरीला लागतात."

पुढच्या सत्रात आमच्या विशेष मराठीच्या वर्गात सात विद्यार्थी असतील. खांडेकर अभ्यासक्रमात आहेत. पहिल्या तासाला फक्त वाचायचे, असे आम्ही ठरवले आहे.