ताटातील गणना

कवींना पावसाळा मेघांमुळे प्रिय असतो. मला तो भाजीबाजारामुळे प्रिय आहे. पहिल्या सरी कोसळल्या, की आमच्या बोरिवलीच्या बाजारात रानभाज्या येऊ लागतात. आसपासच्या पाड्यांवरील आदिवासी स्त्रिया आरंभी शेवळे, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, पुढे कंटोळी टोपल्यांतून आणतात. या भाज्या कोणी पेरलेल्या नसतात. पावसानेच त्या रुजविलेल्या असतात.

आपला आहार किती विविध आहे, हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. दिवसभरात किती निरनिराळ्या जातींच्या वनस्पती व प्राणी आपल्या पोटात गेले, तेवढे मोजावयाचे. मीही एकदा वही घेऊन बसलो. पोळी, शिरा आणि बिस्किट हे पदार्थ तीन. पण गहू एकच! कोबी व फुलकोबी दिसावयास किती भिन्न. परंतु वनस्पतिशास्त्र त्यांना एकाच जातीत गणते. त्या दिवशी पदार्थ भरले १८, जाती निघाल्या अवघ्या ११.

ही गणना केवळ करमणूक नव्हे. सात देशांतील ग्रामीण स्त्रिया व बालके यांच्या आहाराचा असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात जाती अधिक, त्यांचे पोषणही अधिक परिपूर्ण, असे त्यात आढळले. कारण उघड आहे. कोणत्याही एका धान्यात वा भाजीत शरीरास लागणारे सारे नसते; एकाची उणीव दुसरे भरून काढते.

परंतु नुसती जात मोजून भागत नाही. शेवळांनी घशाला खाज सुटते; म्हणून ती काकड नावाच्या झाडाच्या आंबट फळांसह शिजवितात. जुडी हाती देताना विक्रेत्या मावशी हे आवर्जून सांगतात. एकदा मी त्यांना विचारले, "मावशी, तुमच्या नातींना या भाज्या ओळखता येतात का?"

"त्या शाळेत जातात, गुरुजी. रानात यायला त्यांना सवड कुठली?"

त्या मुली शिकत आहेत, हे ऐकून माझ्यातील शिक्षक सुखावला. पण मन अस्वस्थही झाले. शेवळे रानात उगवत राहतील. मात्र ती रांधावी कशी, हे जाणणारे कोणी उरले नाही, तर त्यांना अन्न कोण म्हणेल?

मुलांनो, ओळखीवाचून रानातला पाला तोंडात घालू नका. मात्र आज आपल्या ताटातील जाती मोजा. मग आजीला विचारा, की तिच्या लहानपणी ताटात काय काय असे. तिने सांगितलेली नावे, रांधण्याच्या कृतीसह, वहीत लिहून ठेवा.